जमिनीखालचा हिशेब

हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला त्याच्या शेताचा नंबर विचारा. तो झोपेतसुद्धा अचूक सांगेल. एकर किती, गुंठे किती, पोटखराबा किती, बांधाला कोणाचे शेत लागून आहे, हे सारे त्याला तोंडपाठ असते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना 'सेतवार' हा शब्दही ठाऊक असतो. निजामाच्या राजवटीत जमिनीची मोजणी झाली, त्या वेळी तयार झालेले हे दप्तर. माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि तिचा बराच काळ पीककर्जाचे अर्ज तपासण्यात गेला. त्यामुळे जमिनीच्या कागदांशी माझी ओळख जुनी आहे. जमिनीवर काय आहे याची नोंद आपल्याकडे किती बारकाईने होते, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले.

पण त्याच जमिनीखाली काय आहे, ते कोणी कोणाला किती पैशांना दिले, आणि तो पैसा कुठे गेला? हा प्रश्न विचारला की गावातला जाणता माणूसही गप्प होतो. जमिनीवरचा हिशेब आणि जमिनीखालचा हिशेब यांत एवढे अंतर का पडले असावे, याचा विचार करताना मला एका माणसाचे चरित्र आठवते. हे दोन्ही हिशेब त्यांच्या हातांखालून गेले. त्यांचे नाव सय्यद मेहदी अली. इतिहास त्यांना ओळखतो तो नवाब मोहसिन-उल्-मुल्क या किताबाने.

अलीगढच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. मुस्लिम लीगच्या स्थापनेतही ते येते आणि त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. रझाकारांचे दिवस ज्यांच्या घरांनी सोसले, त्यांची आठी मी समजू शकतो. पण लीगच्या आधीची त्यांची एकोणीस वर्षे हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्याच मुलखाच्या कारभारात गेली. त्या वर्षांबद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही.

मेहदी अलींचा जन्म १८३७ सालचा, उत्तर हिंदुस्थानातल्या इटाव्याचा. घरची स्थिती बेताची. शिक्षण जुन्या वळणाचे, फारसी आणि अरबीचे. इंग्रजी शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. कंपनी सरकारच्या कचेरीत दरमहा दहा रुपयांवर ते कारकून म्हणून चिकटले. तिथून पेशकार, शिरस्तेदार अशा पायऱ्या चढत १८६१ साली तहसीलदार झाले. त्या वेळी इटाव्याचे कलेक्टर होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. त्यांच्या हाताखाली मेहदी अलींनी महसुलाचे काम मुळापासून शिकून घेतले. कायद्यावर त्यांनी उर्दूत पुस्तके लिहिली. १८६७ साली ते मिर्झापूरला डेप्युटी कलेक्टर झाले. याच काळात सर सय्यद अहमद यांच्याशी त्यांचा आधी वाद झाला आणि मग जन्माचा स्नेह जुळला.

१८७४ साली हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी त्यांना बोलावून घेतले. सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले तेव्हा संस्थानाची अवस्था दिवाळखोराची होती. महसूल मक्तेदारांच्या हाती होता. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे ओढायचे, अशी ती पद्धत. किती ओढले याचा हिशेब कोणी कोणाला देत नसे. सालारजंगांनी मक्ते मोडले, १८६५च्या सुमारास जिल्हे पाडले आणि पगारी अंमलदार नेमले. हिंगोली हा तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातला तालुका.

हिंगोलीची तेव्हाची खरी ओळख होती ती छावणीची. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इथे राहत असे. फौज नावाला निजामाची, अंमलदार इंग्रज. तिच्या खर्चासाठी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड काढून घेण्यात आला. पैनगंगेच्या अलीकडे आपण आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, अशी ती वाटणी. करार असा, की वऱ्हाडच्या उत्पन्नातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवून उरलेली रक्कम निजामाला द्यायची आणि दरसाल हिशेब दाखवायचा. सात वर्षांतच, १८६०च्या तहात, नळदुर्ग-धाराशिवकडचा आणि रायचूरचा मुलूख निजामाला परत मिळाला आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. त्याच तहात वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क मात्र संपला. वऱ्हाडचा कापूस विकला जात होता, सारा जमा होत होता, पण मूळ मालकाला वही उघडून बघण्याची सोय उरली नव्हती. सालारजंग मरेपर्यंत वऱ्हाड परत मिळवण्यासाठी झगडले. १८७६ साली त्यासाठी लंडनलाही जाऊन आले. हाती काही लागले नाही.

अशा दरबारात मेहदी अली महसूल खात्याचे मोठे अंमलदार म्हणून रुजू झाले. १८७६ साली ते महसूल सचिव झाले. जमिनीची मोजणी आणि सारा ठरवणे हे त्यांच्या काळातले मोठे काम. मराठवाड्यात त्यासाठी मुंबई इलाख्याची पद्धत घेतली होती. साखळी घेऊन मोजणीदार शेतात उतरले, प्रत्येक शेताला नंबर पडला, बांध ठरले, मातीची प्रत पाहून आकार बसला. शेतकऱ्याने किती द्यायचे हे लेखी झाले. मक्तेदाराच्या लहरीवर जगलेल्या माणसाला याचे मोल काय वाटले असेल, हे सांगायला नको. आकार जड असेल, दुष्काळात तो भरताना डोळ्यांत पाणीही आले असेल. पण आकडा ठरलेला होता आणि त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला अडवता येत होते.

एक उणीव मात्र इथे सांगितलीच पाहिजे. संस्थानाच्या वरच्या कारभाराची भाषा फारसी होती. १८८४ साली तिच्या जागी उर्दू आली आणि त्या बदलात मेहदी अलींचा मोठा हात होता. दरबाराच्या दृष्टीने ही सुधारणा होती. सेनगावच्या किंवा औंढ्याच्या मराठी कुणब्याच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन दुसरी आली. त्याचा हिशेब लिहिला गेला, तो बरोबरही असेल. पण त्याला स्वतःला तो वाचता येत नव्हता. हिशेब ठेवणे आणि ज्याचा आहे त्याला तो कळू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या प्रकरणात फार मोठ्या आकड्यांत दिसून आले.

१८८३च्या फेब्रुवारीत सालारजंग वारले. पुढच्या वर्षी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना पूर्ण अधिकार मिळाले आणि सालारजंगांचे तरुण चिरंजीव लाइक अली दिवाण झाले. निजाम अठरा वर्षांचे, दिवाण जेमतेम विशीतले. मेहदी अली आता अर्थ आणि राजकीय खात्याचे सचिव होते. याच दरबारात अब्दुल हक नावाचे एक हुशार आणि धडाडीचे गृहस्थ वर आले होते. सरदार दिलेरजंग हा त्यांचा किताब. संस्थानाच्या रेल्वेसंबंधी लंडनच्या सावकारांशी बोलणी करण्याचे काम त्यांनी केले होते आणि तिथले व्यवहार त्यांना चांगले कळत.

संस्थानाच्या पूर्व भागात, येल्लंदूजवळ, भूगर्भ खात्याच्या डॉ. किंग यांना १८७१च्या सुमारास दगडी कोळसा सापडला होता. सोन्याच्या जुन्या खाणीही संस्थानात होत्या. १८८६च्या जानेवारीत संस्थानातल्या खनिजांचा मक्ता वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना देण्यात आला. महसुलाचे मक्ते मोडून वीस वर्षे झाली होती. जमिनीवरचा मक्ता गेला आणि जमिनीखाली तो परत आला. तोही एका गावचा किंवा तालुक्याचा नव्हता, साऱ्या संस्थानाचा होता.

पुढे काय झाले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंड. दहा पौंडांचा एक, असे एक लाख शेअर. यांपैकी पंच्याऐंशी हजार शेअर मक्तेदारांनी मक्त्याचा मोबदला म्हणून स्वतःकडे घेतले. ते पूर्ण पैसे भरलेले म्हणून नोंदले गेले. प्रत्यक्षात त्यांपोटी कंपनीच्या तिजोरीत पैसा आला नव्हता. उरलेल्या पंधरा हजारांतून खाणींसाठी पैसा उभा राहायचा होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर गावात सहकारी कारखाना काढावा, शंभरातले पंच्याऐंशी भाग प्रवर्तकांनी फुकट आपल्या नावावर करावेत आणि ऊस उत्पादकांनी पंधरा भागांचे पैसे भरून यंत्रे आणावीत, असा हा प्रकार. कागदावर कारखाना शंभराचा दिसतो.

मग हे फुकटचे शेअर बाजारात चढ्या भावाने विकले गेले. खरेदीदारांत एक मोठे नाव होते, खुद्द निजाम सरकारचे. आपल्याच भूमीतल्या खनिजांवर उभ्या असलेल्या कंपनीचे शेअर सरकारने दर्शनी किमतीहून जास्त भावाने विकत घेतले. सरकारच्या वतीने ही खरेदी केली अब्दुल हक यांनी. आणि पुढे उघड झाले ते असे, की विकलेले शेअर त्यांचेच होते. विकणारा आणि विकत घेणारा एकच माणूस. एका हाताने त्यांनी सरकारचे पैसे दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले.

बँकेत नोकरीला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात, की ज्याने कर्ज मंजूर केले त्यानेच एकट्याने रक्कम द्यायची नाही. दोन सह्या लागतात. शाखाधिकाऱ्याच्या नातेवाइकाचा अर्ज आला तर तो वरच्या कचेरीत जातो. माणसावर संशय असतो म्हणून हा नियम नसतो. माणूस मोहात पडू नये म्हणून असतो. हैदराबादच्या दरबारात शेताच्या नंबराला तीन-तीन नोंदवह्या होत्या आणि लाखो पौंडांच्या व्यवहाराला दुसरी सही नव्हती.

प्रकरण गाजू लागले. या करारावर हिंदुस्थान सरकारची संमती होती, त्यामुळे ओरड थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोचली. १८८८ साली कॉमन्स सभेने चौकशीसाठी समिती नेमली. दरम्यान लाइक अलींचे दिवाणपद १८८७ साली गेले होते आणि आस्मान जाह दिवाण झाले होते. अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यात आले. संस्थानाची बाजू मांडायला लंडनला कोणी जायचे, असा प्रश्न आला आणि निवड झाली मेहदी अलींची. आता ते मोहसिन-उल्-मुल्क होते.

पन्नाशी ओलांडलेला, इंग्रजी शाळेत कधी न गेलेला, दहा रुपयांच्या कारकुनीपासून वर आलेला हा माणूस समुद्र ओलांडून जगातल्या सर्वांत बलाढ्य पार्लमेंटच्या समितीपुढल्या लढाईत उतरला. त्या मुक्कामात ग्लॅडस्टन यांच्याशीही त्यांची भेट झाली. मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १८६०च्या तहानंतर हैदराबादला वऱ्हाडच्या हिशेबाबद्दल बोलायला जागा उरली नव्हती. २८ वर्षांनी त्याच दरबाराचा माणूस लंडनमध्ये जाऊन हिशेब मागत होता. कोणाला किती शेअर मिळाले, ते कशाच्या बदल्यात मिळाले, कोणी कोणाला विकले, हे प्रश्न चारचौघांत विचारले गेले आणि त्यांची उत्तरे छापील कागदावर आली. खाणीच्या पैशाचा माग जाहीरपणे काढला जाण्याचे हिंदी संस्थानाच्या बाबतीतले हे फार जुने उदाहरण आहे.

पण हा विजय अर्धाच होता. कंपनी राहिली. १८८९ साली कोळसा निघू लागला. त्याच कंपनीतून १९२०च्या डिसेंबरात सिंगरेणी कॉलियरीज झाली आणि तिची मालकी बहुतांशाने हैदराबाद सरकारकडे यायला १९४५ साल उजाडावे लागले. आज ती कंपनी तेलंगण आणि केंद्र सरकारच्या मालकीची आहे. १८८६ साली एका कागदावर जे सुटले, ते हातात यायला जवळजवळ साठ वर्षे लागली.

आणखी एक प्रश्न मोहसिन-उल्-मुल्क यांच्या नावामागे उभा राहतो आणि तो टाळणे बरे नाही. १८८६ साली मक्ता दिला गेला तेव्हा अर्थखात्याच्या सचिवपदावर तेच होते. दरबारात गट होते, अधिकाराच्या रेषा पुसट होत्या, अब्दुल हकांचे काम थेट वरून चाले, हे सारे खरे. तरी पण एका शेतामागे एक मोजणीदार पाठवणाऱ्या खात्यात घडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर साऱ्या संस्थानाचे पोट लिहून दिले गेले, हेही खरेच. चांगला अंमलदार असणे पुरत नाही. चांगल्या अंमलदाराला कागद बघायला मिळाला पाहिजे, आणि त्याने न पाहिल्यास दुसऱ्या कोणाला तरी तो बघता आला पाहिजे.

१८९३ साली दरबारी कारस्थानांपायी त्यांना हैदराबाद सोडावे लागले. ते अलीगढला गेले. तिथेही हिशेबानेच त्यांची गाठ घेतली. १८९५ साली कॉलेजच्या मुख्य कारकुनाने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघड झाले होते आणि त्या धक्क्याने सर सय्यद खचले. १८९८ साली ते वारले. १८९९ साली मोहसिन-उल्-मुल्क कॉलेजचे सचिव झाले तेव्हा कॉलेज कर्जात आणि लोकांचा विश्वास तळाला गेलेला. गावोगाव फिरून त्यांनी देणग्या जमवल्या आणि कॉलेज सावरले. १९०६ साली सिमल्याच्या शिष्टमंडळाची जुळवाजुळव त्यांनी केली, त्याच डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली तेव्हा ते तिच्या दोन चिटणिसांपैकी एक झाले. त्या राजकारणाचे मोजमाप इतिहासाने आपल्या परीने केले आहे. १६ ऑक्टोबर १९०७ रोजी सिमल्याला त्यांचे निधन झाले. अलीगढला सर सय्यद यांच्याजवळ त्यांची कबर आहे.

त्यांना जाऊन शतक उलटले. जग या बाबतीत फार हळू शिकले. तेल, वायू आणि खनिजे यांच्या पैशांचा हिशेब कंपन्यांनी आणि सरकारांनी दोन्ही बाजूंनी जाहीर करावा आणि तो ताडून पाहावा, यासाठी २००३ साली एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. तिचे कार्यालय नॉर्वेत ऑस्लोला आहे. कंपनीने सरकारला किती दिले आणि सरकारला किती मिळाले, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे, एवढी साधी कल्पना. पुढे त्यात भर पडली ती खाणकंपनीचा खरा मालक कोण हे उघड करण्याची. अब्दुल हकांचे प्रकरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नियमाचे कारण समजावून द्यावे लागणार नाही. भारत या व्यवस्थेत सामील झालेला नाही. मात्र महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत १० टक्के एवढी जादा रक्कम खाणवाल्यांनी या प्रतिष्ठानाकडे भरायची आणि ती खाणीची झळ सोसणाऱ्या लोकांसाठी खर्चायची, असे ठरले.

कोणी म्हणेल, हिंगोलीला याचे काय? आपल्याखाली ना कोळसा, ना तेल. खाली सगळा काळा पाषाण. कोळसा पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे. पण हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्हा म्हटला की कचेऱ्या, रस्ते, पूल, घरे आली. त्यांना वाळू लागते, खडी लागते, मुरूम लागतो. कयाधूची, पैनगंगेची, पूर्णेची वाळू हेच आपले खनिज. सरकारी भाषेत त्याला गौण खनिज म्हणतात. नदीकाठच्या ज्या माणसाच्या विहिरीचे पाणी वाळू गेल्याने खाली उतरते, त्याच्यासाठी त्यात गौण काही नसते.

त्याच्या शेताचा सातबारा आज त्याला मराठीत मिळतो. उर्दू गेली, मोडीही गेली; आपल्या जमिनीवरचा हिशेब तो स्वतः वाचू शकतो. आता त्याच्या गावच्या नदीतून किती ब्रास वाळू गेली, ती कोणी नेली, नेणाऱ्यामागचा खरा मालक कोण, सरकारात किती रक्कम भरली आणि त्यातले गावाकडे काय परत आले, या पाच ओळी त्याच मराठीत, त्याच चावडीवर लागायला हव्यात. मोहसिन-उल्-मुल्क यांना अशाच ओळींसाठी लंडनला जावे लागले होते. आपल्याला ग्रामसभेपर्यंत जायचे आहे.